कॉम्प्रेसर दर उन्हाळ्यात जळतोय? हॉर्सपॉवर नंतर, आधी इव्हॅपोरेटरचं तापमान मोजा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर गेला, जुना होता तितक्याच हॉर्सपॉवरचा नवीन बसवला, व्हॅक्यूम नीट काढला, गॅस वजनावर भरला, फिल्टर ड्रायर बदलला. थंडीत आणि पावसाळ्यात कूलर मस्त चालला. एप्रिल लागला आणि ओव्हरलोड (मोटर जास्त तापली की करंट तोडणारा प्रोटेक्टर) ट्रिप व्हायला लागला, मे संपायच्या आत मोटरचं वाइंडिंग जळून बॉडी शॉर्ट. पुन्हा नवीन कॉम्प्रेसर, पुन्हा तोच खर्च. मालक म्हणतो कंपनीचा माल खराब, दुकानदार म्हणतो तुमच्याकडे व्होल्टेज खराब, आणि मेकॅनिक दोघांच्या मध्ये सापडतो.

व्होल्टेज, धुळीने भरलेला कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी कॉइल), बंद पडलेला फॅन, जास्त झालेला गॅस या गोष्टी आधी तपासायच्याच. ग्रामीण भागात संध्याकाळी १८० व्होल्टवर कूलर चालवला तर कुठलाच कॉम्प्रेसर टिकणार नाही. पण हे सगळं ठीक असूनही वर्षा-दोन वर्षांत कॉम्प्रेसर जात असेल, तर मी सगळ्यात आधी नेमप्लेटवर हॉर्सपॉवरच्या शेजारचं पाहतो: एलबीपी, एमबीपी की एचबीपी. म्हणजे लो, मीडियम आणि हाय बॅक प्रेशर; बॅक प्रेशर म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या वाफेचा दाब. दुकानात "वन थर्ड द्या" (म्हणजे १/३ हॉर्सपॉवरचा) एवढंच म्हटलं की समोरचा हाताला येईल तो वन थर्ड देतो, आणि बहुतेक वेळा तो फ्रिजचा असतो, कारण फ्रिजचेच सगळ्यात जास्त खपतात. फ्रिजचा वन थर्ड आणि वॉटर कूलरचा वन थर्ड बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. आत सिलिंडर वेगळा असतो.

कॉम्प्रेसर दर फेऱ्याला ठरावीक घनफळाची वाफ ओढतो. त्या घनफळात वजनाने किती गॅस येईल, हे इव्हॅपोरेटर, म्हणजे थंडावा देणारी कॉइल जिच्यात गॅस उकळून त्याची वाफ होते, कुठल्या तापमानाला उकळतोय त्यावर ठरतं. अशा यंत्रांतला आर-१३४ए हा गॅस घ्या. उणे २५ अंशांना त्याची वाफ एका घनमीटरला साधारण साडेपाच किलो भरते. अधिक ५ अंशांना तेच घनमीटर सतरा किलोंचं होतं. म्हणजे सिलिंडर तोच, वेग तोच, पण पिस्टनसमोर येणारा गॅस तिप्पट. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला सगळा जन्म विरळ वाफ ओढायची असते, म्हणून कंपनी त्याला मोठा सिलिंडर आणि त्या विरळ वाफेला पुरेल एवढीच मोटर देते. वॉटर कूलरच्या एचबीपी कॉम्प्रेसरला दाट वाफ ओढायची असते, म्हणून तेवढ्याच मोटरला छोटा सिलिंडर असतो. फ्रिजचा मोठा सिलिंडर वॉटर कूलरवर लावला की तो दाट वाफ पोटभर ओढतो आणि मोटरला ते ओझं झेपत नाही.

शाळेतला कूलर

एका शाळेतल्या कूलरची तक्रार होती की तो फक्त मधल्या सुट्टीत बंद पडतो. रविवारी शिपाई सांगतो, दिवसभर चालू होता, पाणी बर्फासारखं. सोमवारी सकाळी प्रार्थनेपर्यंत उत्तम. मधल्या सुट्टीत पोरं रांगेने बाटल्या भरतात, टाकीत वरून छतावरच्या टाकीचं तापलेलं पाणी येतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत खटकन आवाज होऊन कॉम्प्रेसर गप्प. अर्ध्या तासाने आपोआप चालू.

हे वेळापत्रकच निदान आहे. मॅनिफोल्ड (प्रेशरचे गेज) लावून मधल्या सुट्टीची वाट बघितली. पाणी थंड असताना सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसर वाफ ओढतो त्या बाजूला, २८ पीएसआय होतं, म्हणजे इव्हॅपोरेटर शून्याच्या आसपास. क्लॅम्प मीटरवर अँपिअर नेमप्लेटच्या आकड्याच्या जेमतेम वर. बाटल्या भरायला सुरुवात झाली तसा काटा ३५ ला गेला, मग ४० ला, आणि ४५ ला पोचला. ४५ पीएसआय म्हणजे आर-१३४ए साठी १० अंश. अँपिअर काट्यासोबत चढत गेले, नेमप्लेटच्या दीडपटीच्या जवळ गेले आणि ओव्हरलोड तुटला. हेड प्रेशर (कंडेन्सरकडचं प्रेशर) जास्त नव्हतं, कंडेन्सर स्वच्छ होता, फॅन चालू होता. नेमप्लेटवर एलबीपी.

कुणी तरी आधी त्यावर उपाय म्हणून मोठ्या अँपिअरचा ओव्हरलोड प्रोटेक्टर लावलेला होता. हे फार ठिकाणी दिसतं, म्हणून कळकळीने सांगतो: असं करू नका. प्रोटेक्टर त्या कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगशी जुळवून दिलेला असतो. मोठा लावला की ट्रिप होणं उशिरा होतं, तेवढा वेळ वाइंडिंग जास्त तापतं आणि वार्निश जळतं. असा कॉम्प्रेसर कापून पाहिलात तर वाइंडिंग सगळीकडून सारखंच काळं दिसतं, एका जागी ठिणगी पडल्यासारखं नाही, आणि तेलाला उग्र आंबट वास येतो.

कूलरला एचबीपी कॉम्प्रेसर बसवला, कॅपिलरी (इव्हॅपोरेटरला गॅस मोजून सोडणारी बारीक नळी) बदलली, तक्रार मिटली. कॅपिलरीचा मुद्दा पुढे येतोच.

उलटी चूक, जी ओळखायला जास्त अवघड

एलबीपी चुकीच्या जागी लावला तर निदान तो ट्रिप होऊन सांगतो तरी. एमबीपी, एचबीपी किंवा एसीचा कॉम्प्रेसर डीप फ्रीझरवर लावला की तो ट्रिप होत नाही, शांतपणे मरतो.

किनारपट्टीला मासळीच्या डीप फ्रीझरवर हे बऱ्याचदा दिसतं. कॉम्प्रेसर गेला, हंगाम चालू, माल सडायला नको म्हणून जो मिळाला तो लावला, बॉटल कूलरचा होता. फ्रीझर उणे १० पर्यंत उतरतो आणि तिथेच अडकतो. उणे १८ काही केल्या येत नाही. कॉम्प्रेसर चोवीस तास चालू, थर्मोस्टॅट कधी तुटतच नाही. मीटर लावला तर अँपिअर नेमप्लेटच्या निम्म्याच्या आसपास. इथे आपल्यातले बरेच जण फसतात. करंट कमी, सक्शन कमी, थंडावा कमी, म्हणजे गॅस कमी, असं धरून थोडा गॅस टाकतात. सक्शन जरा वर येतं, करंट जरा वाढतो, बरं वाटतं. पण आता सक्शन लाइनवर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ येतो, अर्धवट उकळलेला गॅस द्रवरूपात आत जातो, तेल पातळ होतं आणि एके दिवशी वॉल्व्हची पाती तुटते. मग म्हणायचं, पंपिंग गेलं.

करंट कमी असण्याचं कारण गॅस कमी असणं हे नव्हतंच. छोटा सिलिंडर विरळ वाफ ओढतोय, वजनाने फार थोडा गॅस फिरतोय, मोटरला काम नाही. त्याच वेळी त्या थोड्या गॅसला फार वर ढकलावं लागतंय. आकडे पाहा. कंडेन्सर ५५ अंशांना असेल तर आर-१३४ए चं निरपेक्ष प्रेशर जवळपास १५ बार. इव्हॅपोरेटर अधिक ५ ला असेल तर सक्शन साडेतीन बार, म्हणजे चारपट-साडेचारपट दाब वाढवायचा. इव्हॅपोरेटर उणे २५ ला गेला की सक्शन एक बारच्या जरा वर, म्हणजे चौदापट. दाब जितक्या पट वाढवाल तितका डिस्चार्जचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस तापतो. वर मोटर गार ठेवणारी परतीची वाफच कमी. शेल तापतं, डिस्चार्ज लाइनला हात लावता येत नाही, वॉल्व्ह प्लेटवर तेल जळून कोळशाचा थर बसतो. तो थर बसला की पाती नीट बसत नाही, गरम गॅस सिलिंडरमध्ये परत येतो, आणि तापमान आणखी चढतं.

म्हणून फ्रीझरवर करंटपेक्षा डिस्चार्ज लाइनचं तापमान जास्त बोलतं. कॉम्प्रेसरपासून वीतभर, साधारण १५ सेंटिमीटर अंतरावर पाइपला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधा, वरून इन्सुलेशन गुंडाळा आणि अर्धा तास चालू द्या. १०७ अंश सेल्सियसच्या वर जात असेल तर आत वॉल्व्हपाशी तेल जळायला लागलंय असं समजा. लेझरच्या थर्मामीटरने चकचकीत तांब्यावर मोजू नका, आकडा खूप खाली दाखवतो.

एसीचा रोटरी कॉम्प्रेसर फ्रीझरवर लावण्याबद्दल एक वेगळी सूचना. रोटरीचं शेल डिस्चार्ज प्रेशरवर असतं, मोटर गरम डिस्चार्ज गॅसमध्येच बसलेली असते. रेसिप्रोकेटिंगमध्ये (पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये) थंड परतीच्या वाफेचा जो आधार मोटरला मिळतो तो इथे नाही. एसीच्या रोटरीला उणे २५ वर चालवलं की त्याचं आयुष्य महिन्यांत मोजावं लागतं. फ्रीझिंगसाठी खास बनवलेले रोटरी वेगळे, त्यांची गोष्ट वेगळी.

तापमान काढायचं कसं

आपल्याला हवा थंड करायची आहे की पाणी, त्यापेक्षा इव्हॅपोरेटर किती अंशांना उकळतोय हे महत्त्वाचं. तो मालाच्या तापमानापेक्षा खाली असावाच लागतो, नाही तर उष्णता त्याच्याकडे येणारच नाही. फॅन असलेल्या कोल्ड रूममध्ये हा फरक ५ ते ८ अंश धरतात, फॅन नसलेल्या फ्रीझरमध्ये १० अंश किंवा जास्त.

त्यावरून आपल्याकडच्या कामांचा अंदाज येतो. हापूस १३ अंशांच्या खाली ठेवला तर सालीवर डाग पडतात, म्हणून आंब्याच्या खोलीचा इव्हॅपोरेटर अधिक ५ च्या आसपास येतो. नाशिक, सांगलीकडे द्राक्षं शून्यावर ठेवतात, तिथे उणे ६. दुकानातला बॉटल कूलर उणे ८ ते १०. घरचा फ्रिज आणि आइस्क्रीमचा डीप फ्रीझर उणे २५ ते २८. मासळीचा ब्लास्ट फ्रीझर उणे ४० किंवा त्याखाली, आणि तिथे साध्या एका टप्प्याच्या कॉम्प्रेसरचं कामच नाही. वॉटर कूलर शून्य ते अधिक ५.

ढोबळ हिशोबात एलबीपी उणे ३५ ते उणे १० पर्यंत, एमबीपी उणे २० ते शून्य, एचबीपी उणे ५ ते अधिक १५. कंपन्या थोडं पुढे-मागे करतात, आणि दोन वर्ग पेलणारे कॉम्प्रेसरही मिळतात, तेव्हा डेटाशीटवरची रेंज बघूनच ठरवा.

चालू यंत्रावर काढायचं असेल तर माल भरलेला असताना, दार बंद ठेवून, अर्धा तास चालल्यानंतर सक्शन वाचा आणि त्या गॅसच्या चार्टवरून तापमान काढा. रिकाम्या फ्रीझरवर किंवा नुकत्याच चालू केलेल्या यंत्रावर काढलेला आकडा उपयोगाचा नाही. गॅस कुठला आहे याची खात्री करा. १५ पीएसआय हे आर-१३४ए ला उणे १० अंश असतं आणि आर-४०४ए ला उणे ३०. चुकीच्या चार्टवरून वाचलं तर वर्गच बदलतो. आर-१३४ए वर उणे २६ च्या खाली सक्शन व्हॅक्यूममध्ये जातं, तेव्हा कुठे बारीक लीक असेल तर गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आणि ओल आत येते. उणे ३० लागणाऱ्या फ्रीझरसाठी आर-४०४ए किंवा आर-२९० चा कॉम्प्रेसर मी याच कारणासाठी सुचवतो. आर-२९० पेटणारा गॅस आहे, त्याच्यासाठीच बनवलेला कॉम्प्रेसर आणि इलेक्ट्रिकल भाग हवेत, आहे त्या यंत्रात तो भरू नये.

वॅट कुठल्या अटीवर छापलेत ते वाचा

हॉर्सपॉवर बाजूला ठेवून डेटाशीटवर थंडाव्याच्या क्षमतेचे वॅट बघायला लागलात की अर्धी लढाई जिंकली. पण तिथेही एक खड्डा आहे. एलबीपी कॉम्प्रेसरचे वॅट अॅश्रे या अमेरिकन पद्धतीने उणे २३.३ इव्हॅपोरेटिंग आणि ५४.४ कंडेन्सिंगवर देतात, आणि लिक्विड ३२.२ अंशांपर्यंत गार झालंय असं धरतात. सेकोमाफ या युरोपीय पद्धतीत उणे २५ आणि ५५, आणि लिक्विडही ५५ लाच. एकाच कॉम्प्रेसरचा अॅश्रे आकडा वीस-तीस टक्क्यांनी मोठा दिसतो. मोठ्या कॉम्प्रेसरवर ईएन १२९०० या युरोपीय मानकाचे आकडे असतील तर कंडेन्सिंग ४० ते ५० धरलेलं असतं. नागपूर, चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ असताना कंडेन्सर ४५ ला कसा राहील? तिथे ५५-६० धरूनच टेबल वाचावं लागतं.

वॉटर कूलरचा हिशोब करून दाखवतो. तासाला ४० लिटर पाणी ३५ वरून १५ अंशांवर आणायचं. ४० गुणिले ४.१९ गुणिले २०, म्हणजे सुमारे ३३५० किलोज्यूल तासाला. ३६०० ने भागलं की ९३० वॅट. टाकीच्या भिंतीतून येणारी उष्णता आणि थोडी सवड धरून १०५० वॅट, तेही इव्हॅपोरेटर शून्यावर असताना. एचबीपीचा छापील आकडा मात्र अधिक ७.२ अंशांचा असतो. इव्हॅपोरेटर एक अंशाने खाली आला की क्षमता साधारण साडेतीन-चार टक्क्यांनी घटते, तेव्हा ७.२ वरून शून्यावर येताना पाव हिस्सा जातो. म्हणजे छापील १४०० वॅटचा कॉम्प्रेसर मागायचा. तक्त्यात शून्याची ओळ असेल तर ती थेट वाचा, हा अंदाज लावायची गरज नाही.

दूध आणि गरम माल

बल्क मिल्क कूलरची अडचण निराळी आहे, कारण तिथे एकच तापमान नसतं. धारेचं दूध ३५ अंशांना येतं आणि ४ वर न्यायचं असतं. सुरुवातीला इव्हॅपोरेटर अधिक ५-१० ला उकळतो, शेवटी उणे ५ च्या आसपास येतो. ज्याने शेवटचा आकडा बघून कमी तापमानाचा कॉम्प्रेसर निवडला, त्याचं यंत्र सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळीच ट्रिप होतं. ५०० लिटरच्या टाकीत एका वेळी २५० लिटर आलं आणि ते तीन तासांत गार करायचं तर २.९ किलोवॅट लागतात, आणि त्यातला मोठा वाटा वरच्या तापमानांत खर्च होतो. इथे निवड वरच्या टोकाला झेपेल अशीच हवी.

डीप फ्रीझरलाही हा त्रास काही वेळ होतो. महिनाभर बंद असलेला फ्रीझर चालू केला, किंवा गरम माल एकदम भरला, की एलबीपी कॉम्प्रेसर त्या पहिल्या तासात मधल्या सुट्टीतल्या कूलरसारखा दमतो. छोट्या यंत्रात माल टप्प्याटप्प्याने भरणं पुरतं. कोल्ड रूमला एमओपी (मॅक्सिमम ऑपरेटिंग प्रेशर) असलेला एक्स्पान्शन वॉल्व्ह (इव्हॅपोरेटरला गॅस मोजून सोडणारा) लावा, ठरलेल्या प्रेशरच्या वर तो आणखी उघडत नाही. किंवा कॉम्प्रेसरच्या आधी सक्शन लाइनवर क्रँककेस प्रेशर रेग्युलेटर बसवा आणि क्लॅम्प मीटर लावून, करंट नेमप्लेटच्या आत राहील असा सेट करा. डिफ्रॉस्ट झाल्यावर पुन्हा चालू होतानाही हाच रेग्युलेटर कॉम्प्रेसरला वाचवतो.

बदलताना

वर्ग बदलला की कॅपिलरी तीच ठेवून चालत नाही. फ्रिजची कॅपिलरी थोडा गॅस सोडायला बनवलेली असते. एचबीपी कॉम्प्रेसरला ती ठेवली तर इव्हॅपोरेटर उपाशी राहतो, सक्शन खाली जातं, आणि बरोबर कॉम्प्रेसर लावूनही यंत्र चुकीच्या तापमानावर चालतं. कंपनीच्या तक्त्यातून त्या क्षमतेला आणि त्या तापमानाला किती बोअर, किती लांबी ते घ्या. छत्तीसची (०.०३६ इंच बोअरची) काढून पन्नासची टाकली आणि लांबी अंदाजाने कापली, असं करू नका.

स्टार्टिंगचा प्रकारही बघा. कॅपिलरीच्या यंत्रात बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होतं, तिथे कमी टॉर्कचा कॉम्प्रेसर चालतो. एक्स्पान्शन वॉल्व्हवर प्रेशर सारखं होत नाही, तिथे स्टार्ट कॅपॅसिटर असलेला जास्त टॉर्कचाच हवा. लाइट जाऊन लगेच येण्याचा त्रास असेल तर तीन ते पाच मिनिटांचा टाइम डिले लावा, कमी टॉर्कच्या कॉम्प्रेसरला तेवढी उसंत लागते.

वाइंडिंग जळून गेलेलं असेल तर जुनं आम्लयुक्त तेल पाइपांत उरलेलं असतं. नायट्रोजनने लाइन फ्लश करा, ड्रायर नवा लावा, मोठ्या यंत्रात सक्शनलाही बर्नआउट फिल्टर घाला आणि काही दिवसांनी तो बदला. नाही तर वर्ग बरोबर निवडलेला नवा कॉम्प्रेसरही त्याच आम्लाने जाईल आणि दोष पुन्हा निवडीवर येईल.

काम संपलं की माल भरलेल्या अवस्थेत एकदा सक्शन, हेड प्रेशर, डिस्चार्ज लाइनचं तापमान आणि अँपिअर मोजा. हे चार आकडे, गॅसचं नाव आणि वजन, कॉम्प्रेसरचा वर्ग आणि तारीख यंत्राच्या मागच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणीही मेकॅनिक आला तरी त्याला दुकानात जाऊन नुसतं "वन थर्ड द्या" म्हणावं लागणार नाही.